प्रोसेसर नव्वदला गेला म्हणून लगेच नवा कुलर घेऊ नका

मे महिना लागला की एकच प्रश्न शंभर तऱ्हांनी विचारला जातो: "गेम खेळताना प्रोसेसर ८५ अंश दाखवतोय, चालेल ना?" याला 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर देता येत नाही, कारण प्रश्नातच तीन आकडे गायब असतात. खोलीचं तापमान किती होतं? त्या वेळी प्रोसेसर किती वॉट खात होता? आणि क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा वेग, किती होता? हे तीन आकडे हातात असले तर ८५ कधी अगदी योग्य ठरतो, तर कधी प्रोसेसरवरचा कुलर नीट बसलेला नाही याचा पुरावा ठरतो. नुसत्या ८५ वरून काहीच कळत नाही.

खोलीपासून सुरुवात करू. कुलर हवेचा असो की लिक्विड, खोलीतल्या हवेपेक्षा थंड तो प्रोसेसरला करू शकत नाही. त्याच्या हातात एवढंच असतं: ठरावीक वॉटची उष्णता बाहेर टाकताना प्रोसेसर खोलीपेक्षा किती अंश वर राहील. वॉट तेच आणि पंख्याचा वेग तोच असेल, तर हा फरक जवळपास तेवढाच राहतो. समजा जानेवारीत पुण्यातल्या २४ अंशांच्या खोलीत ७० वॉटवर प्रोसेसर ६६ ला स्थिरावतो, म्हणजे फरक ४२ अंशांचा. तोच पीसी मे महिन्यात चंद्रपूरला दुपारी ३९ अंशांच्या खोलीत ठेवला तर ८१ दाखवणार. काही बिघडलेलं नाही, उन्हाळा आलाय इतकंच. पण त्याच खोलीत, त्याच कामाला, हा फरक ४२ वरून ५५ वर गेला असेल तर नक्की काहीतरी झालंय आणि ते शोधावं लागेल. म्हणून पीसी नवा जोडला की पहिल्या आठवड्यातच खोलीचं तापमान, वॉट आणि प्रोसेसरचं स्थिर तापमान असे तीन आकडे कुठेतरी लिहून ठेवा. भिंतीवर लावायचा साधा डिजिटल थर्मामीटर पुरतो. तो कॅबिनेटच्या समोर, जिथून हवा आत जाते तिथे ठेवायचा. मागे गरम हवेच्या झोतात ठेवलात तर आकड्याला अर्थ उरत नाही.

आता मर्यादा. इंटेलच्या १२व्या, १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंश आहे. एएमडीत, म्हणजे रायझनमध्ये, मॉडेलगणिक फरक पडतो. रायझन ५ ५६०० आणि रायझन ७ ५८००एक्सला ९०, ५६००एक्स आणि ५६००जीला ९५, ७००० मालिकेतल्या बहुतेकांना ९५, पण ७८००एक्स३डीला ८९. या मर्यादेला पोचला की प्रोसेसर जळत नाही. तो स्वतःच क्लॉक आणि व्होल्टेज उतरवतो, यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. त्याउपरही तापमान चढतच राहिलं तर सरळ बंद पडतो. एक अपवाद लक्षात ठेवायचा: ७६००एक्स, ७७००एक्स, ७९५०एक्स या मंडळींची रचनाच अशी आहे की पूर्ण लोडला ते ९५ ला जाऊन तिथेच टेकतात आणि कुलर जेवढी मोकळीक देईल तेवढा क्लॉक ठेवतात. त्यांच्या बाबतीत ९५ दिसणं हा दोष नाही. आय९-१४९००के सारख्या २५३ वॉटच्या प्रोसेसरलाही सिनेबेंच या चाचणीच्या प्रोग्रॅममध्ये शंभरी गाठायला फार वेळ लागत नाही.

साध्या रायझन ५ ५६०० ला किंवा आय५-१२४०० ला मात्र हे कारण लागू होत नाही. ५६०० ची पॉवर मर्यादा ७६ वॉट, १२४०० ची सलग चालण्याची ६५ वॉट. एवढ्या उष्णतेत, खोली फार तापलेली नसतानाही, एखादा नव्वदला जात असेल तर जोडणीत खोट आहे असंच धरून चालायचं.

आकडे कुठून घ्यायचे

विंडोजचा टास्क मॅनेजर ग्राफिक्स कार्डाचं तापमान दाखवतो, प्रोसेसरचं दाखवत नाही. बायोसमधला, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमधला, आकडा बघून घाबरायचं कारण नाही. तिथे प्रोसेसरची वीज वाचवायची यंत्रणा पूर्ण चालू नसते, त्यामुळे काही काम नसतानाही तो विंडोजपेक्षा जास्त दिसतो.

मला विचाराल तर एचडब्ल्यूइन्फो६४ हे एकच साधन पुरेसं आहे, तेही फुकट. सुरू करताना 'सेन्सर्स ओन्ली' वर टिक करायची म्हणजे थेट सेन्सरची यादी उघडते. चार रकाने असतात: सध्याचा, किमान, कमाल, सरासरी. सगळे त्या कमाल रकान्याकडे बघतात आणि तिथेच फसतात. प्रोग्रॅम उघडताना एका कोअरने, म्हणजे प्रोसेसरमधल्या एका गाभ्याने, क्षणभर उसळी मारली तरी तो आकडा कमालमध्ये जाऊन बसतो. रायझनला तर ही खोडच आहे. काही चालू नसताना ४२ वरून ५५ ला जाऊन परत येतो, कारण बारीकसारीक कामासाठीही एका कोअरला पूर्ण बूस्ट, म्हणजे जादा वेग, देतो. कामाचा आकडा म्हणजे दहा मिनिटं सलग लोड दिल्यावरचा सरासरी रकाना. लोड सुरू झाल्यावर खालचं घड्याळाचं बटण दाबून आकडे शून्यापासून मोजायला लावायचे.

एएमडीत 'सीपीयू टीसीटीएल/टीडाय' ही ओळ बघायची, इंटेलमध्ये 'सीपीयू पॅकेज'. पहिल्या पिढीतला १७००एक्स किंवा १८००एक्स कुणी अजून वापरत असेल, तर त्याचा टीसीटीएल खऱ्या तापमानापेक्षा २० अंश जास्त दाखवतो. २७००एक्सचा १० ने जास्त. तो फरक पंख्यांसाठी मुद्दाम घातलेला आहे. मदरबोर्डच्या यादीत कुठेतरी १२७ किंवा उणे ५५ अंश दिसले तर दुर्लक्ष करा. त्या पिनेला सेन्सरच जोडलेला नसतो.

तापमानाच्या जोडीला आणखी तीन ओळी डोळ्यासमोर असू द्या. पॅकेज पॉवर किंवा पीपीटी, म्हणजे वॉट. 'इफेक्टिव्ह क्लॉक', म्हणजे कोअर खरोखर किती वेगाने काम करतोय ते, कारण साधा क्लॉक कधीकधी फसवतो. आणि 'थर्मल थ्रॉटलिंग', जिथे फक्त हो किंवा नाही असतं. १२४०० चा सगळ्या कोअरवरचा टर्बो (इंटेलचा बूस्ट) ४ गिगाहर्ट्झ आहे. वॉट मर्यादेच्या आत आहेत आणि तरी क्लॉक त्याच्या बराच खाली आलाय, थ्रॉटलिंगसमोर 'हो' आहे, तर निदान झालंच.

लिनक्सवर एलएम-सेन्सर्स पॅकेज टाकून सेन्सर्स-डिटेक्ट एकदा चालवायचं. त्यानंतर एएमडीचा आकडा के१०टेम्प या नावाखाली आणि इंटेलचा कोअरटेम्प या नावाखाली दिसतो.

लोड कोणता द्यायचा

सिनेबेंच आर२३, दहा मिनिटांची फेरी. घरच्या पीसीसाठी ही परीक्षा पुरते. प्राइम९५ मधली 'स्मॉल एफएफटी' प्रोसेसरला इतकं पिळते की तसा लोड रोजच्या कुठल्याच कामात येत नाही. तिचा आकडा बघून कुलर बदलणं म्हणजे पैसे वाया घालवणं. गेमसाठी वेगळी परीक्षा लागते, कारण तिथे प्रोसेसर फार वॉट खात नाही, पण ग्राफिक्स कार्डाची दीड-दोनशे वॉटची उष्णता त्याच कॅबिनेटमध्ये फिरत असते. त्यामुळे नेहमीचा गेम निदान अर्धा तास चालवा आणि एचडब्ल्यूइन्फोची नोंद सीएसव्ही फाइलमध्ये घ्या. नंतर एक्सेलमध्ये आलेख काढला की बरंच काही उलगडतं, कारण तापमान *किती* चढलं यापेक्षा ते *कसं* चढलं यातून दोष लवकर सापडतो.

लोड सुरू केल्यावर दोन-तीन सेकंदांतच तापमान ४५ वरून थेट ९० च्या वर उडी मारतं का? मग उष्णता प्रोसेसरमधून कुलरच्या तळापर्यंत पोचतच नाहीये. मधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट नाही, कुलर तिरका बसलाय किंवा तळावरची पारदर्शक प्लास्टिकची पट्टी सोलायची राहिलीय. हसू नका, नव्या पीसीत ही पट्टी राहणं सर्रास घडतं. तिच्यावर बारीक अक्षरांत सूचना छापलेली असते आणि कॅबिनेटच्या अंधारात ती दिसत नाही. तापमान पहिल्या मिनिटात ६५ ला जाऊन मग दहा-पंधरा मिनिटं हळूहळू ८५ पर्यंत सरकत असेल, तर कुलर बरोबर बसलाय पण कॅबिनेटमधली हवा तापतेय. १२४०० सारख्या इंटेलमध्ये पहिलं अर्धं मिनिट जास्त आणि मग एकदम खाली येऊन सपाट रेघ, असं दिसलं तर ते ठरल्याप्रमाणेच चाललंय: जास्तीच्या वॉटची मुदत संपली आणि प्रोसेसर ६५ वर आला.

आणखी एक प्रकार आहे, तो सहसा चुकीच्या जागी शोधला जातो. तापमान जेमतेम ६५, तरी क्लॉक मध्येच कोसळतो आणि वॉटही उतरतात. हा प्रोसेसरचा दोष नाही. मदरबोर्डचा वीज पुरवणारा भाग, म्हणजे व्हीआरएम, तापलाय. एच६१० चा स्वस्त बोर्ड, व्हीआरएमवर हीटसिंकचा पत्ता नाही आणि वर आय७ बसवलाय, या जोडीत हे हमखास होतं. इथे प्रोसेसरला महागातला लिक्विड कुलर लावलात तर उलट वाईट, कारण टॉवर कुलरची जी थोडी हवा व्हीआरएमवरून जात होती तीही गेली.

कुलर उतरवणं आणि पुन्हा बसवणं

इंटेलच्या खोक्यातल्या कुलरला चार प्लास्टिकच्या खिट्ट्या असतात. सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. बसवण्याआधी प्रत्येक खिट्टीचं डोकं बाणाच्या उलट दिशेला पूर्ण फिरलेलं हवं. मग समोरासमोरच्या, म्हणजे तिरक्या रेषेतल्या दोन खिट्ट्या एकाच वेळी दाबायच्या, 'टक' असा आवाज येईपर्यंत. नंतर उरलेल्या दोन. आवाज आला म्हणून बसली असं मात्र समजू नका. बोर्ड उलटा करून मागून बघा: प्रत्येक भोकातून पांढऱ्या प्लास्टिकचे दोन पाय बाहेर फाकलेले आणि त्यांच्या मधोमध काळी खिट्टी आलेली दिसली पाहिजे. तीन बसल्यात आणि चौथी अर्धवट आहे, अशा स्थितीत कुलर हाताला घट्ट लागतो, पण एक कोपरा केसभर वर असतो. तेवढ्याने लोडखाली वीस अंशांचा फरक पडू शकतो. म्हणून शक्यतो कुलर बोर्डावर आधी बसवा आणि बोर्ड कॅबिनेटमध्ये मागाहून कसा. आत बसवलेल्या बोर्डावर या खिट्ट्या दाबताना बोर्ड वाकतो आणि मागची बाजू दिसतही नाही.

जुना कुलर नव्या बोर्डाला लावताना भोकांचं माप बघा. एलजीए ११५० पासून १२०० पर्यंतचा सॉकेट (प्रोसेसर बसायची जागा) असलेल्या इंटेल बोर्डांवर भोकं ७५ मिलिमीटरच्या चौकोनात आहेत, एलजीए १७०० वर ७८ च्या. नवा सॉकेट उंचीलाही कमी आहे. ओढूनताणून बसवलेला जुना कुलर नीट दाब देत नाही. कंपनीची १७०० ची पट्टी मिळत असेल तरच तो वापरावा.

एएमडीच्या एएम४ सॉकेटची भानगड वेगळी. खोक्यातला रेथ स्टेल्थ कुलर चार स्प्रिंगच्या स्क्रूंनी थेट मागच्या धातूच्या पट्टीत कसला जातो. त्यासाठी बोर्डावरचे दोन काळे प्लास्टिकचे कंस काढावे लागतात. ते काढताच मागची पट्टी खाली पडते, तिला हाताने धरून ठेवायची. आणि कुलर काढताना कधीही सरळ वर ओढायचा नाही. एएम४ प्रोसेसरच्या पिना प्रोसेसरलाच असतात. वाळलेली पेस्ट त्याला कुलरला चिकटवून ठेवते आणि बंद सॉकेटमधून अख्खा प्रोसेसर उपटून येतो, पिना वाकतात. आधी पाच-दहा मिनिटं लोड देऊन पेस्ट गरम करायची, पीसी बंद करून वायर काढायची, स्क्रू सोडायचे, कुलर डावी-उजवीकडे हलकेच पिळायचा आणि तो सुटल्याची जाणीव झाली की उचलायचा. एएम५ आणि इंटेलच्या सॉकेटमध्ये प्रोसेसर वरून चौकटीने धरलेला असतो, त्यामुळे ही भीती नाही.

जुनी पेस्ट पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात 'आयपीए' म्हटलं की मिळतं. ९९ टक्क्यांचं घ्या. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यातलं काही नको. तंतू न सोडणाऱ्या कापडावर थोडं घेऊन दोन्ही पृष्ठभाग आरशासारखे लख्ख करायचे. त्यानंतर बोट लावायचं नाही.

पेस्ट किती, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. एएम४ च्या चौकोनी प्रोसेसरला मधोमध वाटाण्याएवढा थेंब पुरतो. एलजीए १७०० लांबट आहे, ४५ बाय ३७.५ मिलिमीटर, म्हणून लांबीच्या दिशेने एक रेघ किंवा कर्णांवर फुली. एएम५ च्या झाकणाला कडेने खाचा आहेत आणि त्यांत बारीक कपॅसिटर दिसतात. तिथे थोडी पेस्ट ओघळली तरी एमएक्स-४ किंवा एनटी-एच१ सारख्या वीज न वाहणाऱ्या पेस्टने काही होत नाही. थोडी जास्त झालेली चालते, कमी पडलेली चालत नाही. चांगल्या दोन पेस्टमध्ये दोन-तीन अंशांपेक्षा जास्त फरक पडत नाही, तेव्हा महागड्या नळीमागे लागू नका. फक्त लिक्विड मेटलपासून लांब राहा. त्यातला गॅलियम ॲल्युमिनियम खातो, आणि तो बोर्डावर सांडला तर शॉर्ट होतं. कुलरच्या तळाला कंपनीनेच पेस्ट लावलेली असेल तर वरून आणखी घालायची नाही. ती ठेवायची, नाहीतर पूर्ण पुसून स्वतःची लावायची.

स्क्रू कसताना तिरक्या जोडीने, प्रत्येकी एक-दोन फेरे, असं करत सगळे टोकापर्यंत न्यायचे. एकच कोपरा आधी घट्ट केला की पेस्ट एका बाजूला दाबली जाते.

हवा आणि धूळ

कॅबिनेटमध्ये दोष आहे का, हे तपासायला दहा मिनिटं लागतात. लोड चालू असताना बाजूची काच काढा. तापमान पाच-सहा अंशांहून जास्त उतरलं तर आतल्या हवेचा प्रश्न आहे. एक-दोनच उतरलं तर पंखे वाढवून उपयोग नाही, दोष कुलरमध्ये किंवा वॉटमध्ये शोधा.

आपल्याकडे विकली जाणारी बरीच रोषणाईवाली कॅबिनेटं समोरून बंद काचेची असतात आणि हवेला कडेची बोटभर फट. पुढचे तीन आरजीबी पंखे फिरतात झकास, पण ओढायला हवाच नसते. त्यातून ते अनेकदा मोलेक्सच्या पिनेने थेट एसएमपीएसला (वीज पुरवणाऱ्या डब्याला) जोडलेले असतात, म्हणजे वेग मदरबोर्डच्या हातात नाही. नवं घेत असाल तर समोर जाळी असलेलंच घ्या. दोन पंखे पुढून आत, एक मागून बाहेर, यावर साधारण घरगुती पीसी आरामात चालतो. वर पंखा लावायचाच तर मागच्या बाजूला बाहेर टाकणारा. वरचा पुढचा पंखा बाहेर टाकायला लावलात तर पुढून आलेली थंड हवा कुलरपर्यंत पोचायच्या आतच पळवतो. पंख्याची दिशा ओळखणं सोपं आहे: ज्या बाजूला मधल्या मोटरला धरणाऱ्या आडव्या काड्या आणि वायर दिसते, त्या बाजूने हवा बाहेर पडते.

कॉम्प्युटर टेबलाच्या 'सीपीयू'च्या कप्प्याचं काय करायचं? तिन्ही बाजूंनी फळी, मागेही फळी. पीसीने मागून फेकलेली गरम हवा फळीवर आपटून परत पुढे येते आणि पुन्हा आत ओढली जाते. कॅबिनेट बाहेर काढून टेबलाशेजारी चार इंच उंचीच्या स्टँडवर ठेवा, भिंतीपासून वीतभर अंतर राखून. खोलीत देवघर असेल किंवा ओटा जवळ असेल तर आणखी लांब. उदबत्तीचा धूर आणि फोडणीचा तेलकट वाफारा यांनी धूळ चिकट होते, मग ती ब्लोअरनेही निघत नाही, ब्रश आणि आयपीए लागतं. विदर्भात उन्हाळाभर डेझर्ट कुलर चालतो. त्याची हवा थंड असते म्हणून पीसीला फायदाच होतो, पण झोत थेट कॅबिनेटवर नको. हवेतल्या ओलाव्याचं पाणी गरम पीसीवर साचत नाही, मात्र पॅडमधून उडणारे तुषार आणि त्यातले क्षार आत जातात.

टॉवर कुलर असेल तर सफाईसाठी पंखा क्लिपांसकट काढावाच लागतो. वरून पात्या स्वच्छ दिसतात, पण पंखा आणि पत्र्याच्या पापुद्र्यांच्या मध्ये करड्या धुळीचा जाड थर जमलेला असतो. तो चिमटीत धरून उचलला की पापुद्र्यांच्या रेघा उमटलेला अखंड तुकडा निघतो. बाहेरून कितीही हवा मारा, तो जागचा हलत नाही. सफाईआधी वायर काढून पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरायचं. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने अडवायची. नाहीतर ती भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं. व्हॅक्यूम क्लीनरची नळी बोर्डाजवळ नको, तिच्यात स्थिर वीज साठते. उन्हाळ्यात दर दोन-तीन महिन्यांनी जाळ्या धुवायच्या आणि पूर्ण वाळल्यावरच लावायच्या.

वॉट कमी करा, हे फुकट आहे

इतकं सगळं ठीक असून तापमान जास्तच असेल तर बायोस उघडा. बरेच मदरबोर्ड इंटेलच्या ठरवलेल्या मर्यादा पाळतच नाहीत. एमएसआयचे बोर्ड पहिल्यांदा सुरू होताना कुलर कोणता असं विचारतात: खोक्यातला, टॉवर की पाण्याचा. 'पाण्याचा' निवडला की मर्यादा ४०९६ वॉट होते, म्हणजे मर्यादाच नाही. एचडब्ल्यूइन्फोमध्ये पीएल१ (सलग चालण्याची मर्यादा) आणि पीएल२ (थोड्या वेळापुरती मर्यादा) समोर असे हजारांतले आकडे दिसले तर कारण सापडलंच. आय५-१२४०० ला पीएल१ ६५ आणि पीएल२ ११७, आय५-१३६००के ला १२५ आणि १८१, आय९-१३९००के आणि १४९००के ला १२५ आणि २५३ असे आकडे हाताने भरा. त्याहून कमीही चालतात. १३६००के ला दोन्हीकडे १२५ ठेवलं तर गेममध्ये फरक कळणार नाही. रेंडरिंगला थोडा वेळ जास्त लागेल.

एएमडीत हेच काम इको मोड करतो. ७६००एक्ससारखा १०५ वॉटचा प्रोसेसर कारखान्यातून १४२ वॉट पीपीटीवर येतो. ६५ वॉटचा इको मोड निवडला की तो ८८ वर येतो. बायोसमध्ये पीबीओ नावाच्या मेनूच्या आसपास हा पर्याय असतो, एएमडीच्या रायझन मास्टर प्रोग्रॅममध्येही आहे. त्याच्या पुढची पायरी म्हणजे कर्व्ह ऑप्टिमायझर, यात कोअरचं व्होल्टेज थोडं उतरवता येतं. बी५५० सारख्या बोर्डावर ५००० किंवा त्यापुढची मालिका असेल तर सगळ्या कोअरना उणे १५ पासून सुरुवात करा. आठवडाभर नीट चाललं तर उणे २०. पीसी लोडखाली नव्हे, तर रिकामा बसलेला असताना अचानक रीस्टार्ट झाला तर आकडा मागे घ्या. कर्व्ह ऑप्टिमायझर जास्त ताणल्याचं ते नेहमीचं लक्षण आहे.

इंटेलच्या 'के' नसलेल्या प्रोसेसरचं व्होल्टेज उतरवायच्या फंदात पडताना इफेक्टिव्ह क्लॉकवर नजर ठेवा. सीईपी नावाचं संरक्षण मध्ये येतं. तापमान मस्त उतरलेलं दिसतं, क्लॉक कागदावर ४ गिगाहर्ट्झ, पण प्रत्यक्ष काम त्याच्या कितीतरी खाली. सिनेबेंचचा स्कोअर पडला की समजायचं.

१३व्या-१४व्या पिढीचा ६५ वॉट किंवा त्यावरचा प्रोसेसर असेल तर आधी बायोस अपडेट करा. २०२४ मध्ये या प्रोसेसरमध्ये जास्त व्होल्टेजमुळे कायमची झीज होत असल्याचं इंटेलने मान्य केलं. त्यावरचे मायक्रोकोड (बायोसमधून येणारे प्रोसेसरचे सुधार) ०एक्स१२९ ऑगस्टमध्ये आणि ०एक्स१२बी सप्टेंबरमध्ये आले. वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. ही झीज तापमानाच्या आकड्यात दिसत नाही. गेम कारणाशिवाय बंद पडतात, फाइल उलगडताना त्रुटी येतात.

बायोसला हात लावायची हिंमत होत नसेल तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' १०० वरून ९९ करा. टर्बो बंद होतो आणि तापमान धाडकन उतरतं. वेगही उतरतो, त्यामुळे दुपारच्या काहिलीत ऑफिसच्या कामापुरता हा उपाय ठीक आहे.

पंख्याचा आलेख

टॉवर कुलरला माझा साधा हिशेब: ४० अंशांना ३० टक्के, ६० ला ५०, ७५ ला ८०, ८५ ला १००. बायोसमध्ये 'स्टेप अप' वेळ तीन ते पाच सेकंद द्या, म्हणजे रायझनच्या त्या क्षणिक उसळ्यांना पंखा घूं-घूं करत प्रतिसाद देणार नाही. चार पिनांचा पंखा असेल तर मोड पीडब्ल्यूएम, तीनचा असेल तर डीसी. तीन पिनांच्या पंख्याला पीडब्ल्यूएम दिलं की तो कायम पूर्ण वेगाने फिरतो. कॅबिनेटचे पंखे प्रोसेसरऐवजी ग्राफिक्स कार्डाच्या तापमानावर बांधले तर गेममध्ये जास्त उपयोग होतो. बायोसमधून ते जमत नाही, 'फॅन कंट्रोल' या फुकट प्रोग्रॅमने जमतं.

लिक्विड कुलरचा पंप मात्र आलेखावर ठेवायचा नाही, तो कायम पूर्ण वेगाने. रेडिएटरचं वरचं टोक पंपाहून उंच असलं पाहिजे, नाहीतर आतली हवा पंपात येऊन अडकते आणि गुळगुळ आवाज येतो. लोडखाली एक नळी गरम, दुसरी गार आणि रेडिएटर थंडगार असेल तर पाणी फिरत नाहीये. पंप गेला.

पीसी अचानक बंद पडला आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ दिसला, म्हणून तापमानावर खापर फोडू नका. ती नोंद एवढंच सांगते की विंडोज नीट बंद झालं नव्हतं. लाइट गेली तरी तीच नोंद येते. पुढच्या बूटला बायोसने 'सीपीयू ओव्हर टेम्परेचर' असा संदेश दिला, किंवा सीएसव्हीमधली शेवटची ओळ मर्यादेला टेकलेली दिसली, तरच उष्णता. नाहीतर एसएमपीएस तपासा.

हे सगळं करून झाल्यावरही खोलीपेक्षा फरक ५० अंशांच्या वर राहत असेल आणि खोक्यातलाच कुलर असेल, तर आता खुशाल नवा घ्या. ६५ वॉटच्या गटाला चार हीटपाइपचा, १२० मिलिमीटर पंख्याचा एक टॉवर पुष्कळ झाला, दोन हजारांच्या आसपास मिळतो. १२५ वॉटच्या वर सहा हीटपाइप आणि दोन पंखे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत खरेदीला जाण्याआधी कॅबिनेटच्या माहितीपत्रकात कुलरची कमाल उंची बघून जा. यातले बरेच टॉवर १५५ मिलिमीटरच्या आसपास आहेत, आणि अरुंद कॅबिनेटची काच त्यांच्यावर बसत नाही. पहिल्या स्लॉटमधल्या रॅमची उंचीही मोजून ठेवा. पुढचा पंखा तिच्यावर येतो, आणि तो वर सरकवावा लागला तर एकूण उंची तेवढीच वाढते.